सत्कार बसले बाकावर

आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यातला डेटाबेस सोमवारी सकाळी कोसळला. दीडशे पेशंट बाहेर ताटकळले होते आणि कोणाला कुठलं औषध चालत नाही, तेसुद्धा डॉक्टरांना दिसेना. बॅकअप होता, पण तो परत चढवायला नऊ तास लागणार होते.

संचालक डॉ. शेवडे संगणक विभागात येऊन हेमलता घुगेवर ओरडले, "नऊ तास? तासाभरात सुरू करा, नाहीतर राजीनामा द्या!"

नऊ तास का, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही. त्यांच्याच हट्टापायी दहा वर्षांच्या सत्कारांचे फोटो आणि भाषणांचे व्हिडिओ त्याच डेटाबेसमध्ये कोंबले होते. बॅकअप चढवतानाही पहिला मान त्यांचाच! "हे वेगळं ठेवू द्या," असं हेमलताने तीनदा लेखी दिलं होतं. तिन्ही अर्ज केराच्या टोपलीत गेले.

हेमलताने क्रम बदलून पेशंटांच्या नोंदी आधी चढवल्या. चाळीस मिनिटांत केसपेपर निघू लागले.

साहेबांनी आपला संगणक उघडला आणि तणतणत परत आले. "माझे फोटो कुठायत? ते पहिले असताना मागे टाकलेच कसे?"

"येतील संध्याकाळपर्यंत," हेमलता म्हणाली. "रोज तुमच्या ओळखीची माणसं रांग मोडून आत जातात आणि पेशंट बाहेर बसतात, साहेब. आज पेशंट आत गेलेत. तुमचे सत्कार बसतील जरा बाकावर."