थोरल्या दोराचा पीळ

दोर बोलायचे त्या काळी जे झालं, त्यात चूक थोरल्या दोराचीच होती. वयाने मोठा म्हणून त्याला कुणी तसं म्हणत नाही, एवढंच.

कड्याच्या कपारीत एक करडू अडकलं होतं. त्याला आणायला निघालेली भागी दोन्ही दोरांची वेटोळी करून पाठीवर बांधू लागली. धाकट्याने मुकाट गुंडाळून घेतलं. थोरला ताठला.

"वेटोळं सापाने घालावं. मी माणसं कड्यावर चढवलीत. मी असाच खांद्यावरून येणार."

"आजोबा, शेपूट काट्यांत अडकेल," धाकटा म्हणाला.

"परवापर्यंत तू अंबाडीची भाजी होतास. मला शिकवतोस?"

भागीनेही म्हाताऱ्याचा मान राखला. मग तो वाटभर फरफटत आला, करवंदीच्या प्रत्येक जाळीत अडकला आणि दर हिसक्याला झिजत गेला. कड्यापाशी तिने त्याला ताणून पाहिलं, तर मधोमध तुटला.

"पण पीळ बघा, अजून तसाच आहे," तो म्हणाला.

भागी धाकट्याला धरून उतरली आणि करडू घेऊन आली.

थोरल्याचा हातभर तुकडा त्याच करडाच्या गळ्यात बांधला. बाकीचा चुलीत गेला.