भोंग्यानंतरचा थांबा

धरणाची दारं माणसाच्या हातून संगणकाच्या हाती गेली, त्या काळापासूनची ही गोष्ट. दारं उचलणारा प्रोग्राम आता म्हातारा झाला होता. म्हणून त्याच्या जोडीला एक नवा आणून बसवला. नव्याला कॅमेऱ्याचे डोळे होते. म्हातारा जन्मापासून आंधळा.

“आजोबा, भोंगा वाजवून तुम्ही नुसते का थांबता?” नव्याने विचारलं.

“मला लिहिणाऱ्या बाईंनी थांबायला सांगितलंय. का, ते मला ठाऊक नाही.”

“मग तो थांबा टाका की काढून!”

“ठाऊक नाही, म्हणूनच काढत नाही.”

एका अवकाळीत धरण झरझर भरू लागलं. नव्याने भोंगा वाजवला आणि हुकूम सोडला, “उघडा!” पण दाराची मोटर म्हाताऱ्याच्या हाती होती. तो थांबला. नवा चिडला, ओरडला आणि तेवढ्यात त्याची नजर धरणाखालच्या नदीकडे गेली.

कोरड्या पात्रात काकडीचे वेल लावणारी गोदाक्का काठाकडे निघाली होती. मधूनच ती मागे वळली आणि खुंट्याला बांधलेली शेळी सोडू लागली.

“चल गं, भिऊ नगं,” ती शेळीला म्हणाली, “आपण वर चढस्तोवर धरण थांबतंय.”

ओरडणं सोडून नवा म्हणाला, “आजोबा, खाली एक म्हातारी आहे.”

म्हाताऱ्याने मोटरला हात लावला नाही. मग त्याने विचारलं, “पोचली का?”

पुढे तो नवाही जुना होऊन गेला, त्याच्यामागून आलेलेही गेले. मोटर अजून म्हाताऱ्याकडेच आहे. भोंगा वाजतो, तो थांबतो आणि शेजारी जो कुणी असेल त्याला विचारतो, “सगळे पोचले का?”