ठिपकू, वाकडा बाण आणि ओली गोधडी

एक गल्ली होती. चिंचोळी गल्ली.
गल्लीत कोंबडी निघाली. मागून पिल्लं निघाली. नऊ पिल्लं!
सगळ्यांत मागे ठिपकू. टुकूटुकू, टुकूटुकू.
आई रस्ता ओलांडून गेली. आठ पिल्लं गेली.
तेवढ्यात भोंऽऽ! ट्रक आला. धडाड धडाड!
आई पलीकडे. ठिपकू अलीकडे.
एका ट्रकमागे दुसरा. दुसऱ्यामागे तिसरा.
"कॉक कॉक! येऊ नको रे ठिपकू!" आई ओरडली.
ठिपकूने वर पाहिलं.
वर घार. घिर घिर घिर.

एक ट्रक जरा हळू झाला.
"ट्रकमामा, ट्रकमामा, थांब ना! आई भेटेना!"
ट्रक म्हणाला, "अरे, मला जायचंय बाजाराला. पण कोपऱ्यावरचा बाण इकडे दाखवतो, म्हणून मी इकडे. बाण वळला, तर मी थांबतो. भोंऽऽ!"

ठिपकू पळाला. टुकूटुकू, टुकूटुकू.
कोपऱ्यावर खांब. खांबावर बाण.
"बाणदादा, बाणदादा, वळ ना! ट्रक थांबेना, आई भेटेना!"
बाण म्हणाला, "मला काय हौस आहे? दोरीने ओढलंय मला. दोरी सैल पडली, तर मी वळतो."
वर घार. घिर घिर घिर.

ठिपकू पळाला. टुकूटुकू, टुकूटुकू.
"दोरीताई, दोरीताई, सैल पड ना! बाण वळेना, ट्रक थांबेना, आई भेटेना!"
दोरी म्हणाली, "एक टोक खिडकीला, एक टोक बाणाला. वर ही ओली गोधडी! कंबर मोडली माझी. गोधडी उतरली, तर मी सैल पडते."
वर घार. घिर घिर घिर.

गोधडीतून पाणी गळत होतं. टप टप टप.
"गोधडीआजी, गोधडीआजी, उतर ना! दोरी सैल पडेना, बाण वळेना, ट्रक थांबेना, आई भेटेना!"
गोधडी म्हणाली, "मला का पाय आहेत? गंपूने भिजवलं, मुक्ताकाकूने धुतलं. काकू उठली, तर मी उतरते."
घार खाली आली. घिर घिर घिर.

मुक्ताकाकू दारात बसली होती. मांडीवर गंपू. भ्यांऽऽ भ्यांऽऽ!
"मुक्ताकाकू, मुक्ताकाकू, उठा ना! गोधडी उतरेना, दोरी सैल पडेना, बाण वळेना, ट्रक थांबेना, आई भेटेना!"
काकू म्हणाली, "कशी उठू रे सोन्या? सकाळपासून नुसता भोंगाच भोंगा! झोपमोड झाली लेकराची. गंपू गप्प झाला, तर मी उठते."
घार आणखी खाली आली. घिर घिर घिर.

"गंपूबाळा, गंपूबाळा, गप्प हो ना! काकू उठेना, गोधडी उतरेना, दोरी सैल पडेना, बाण वळेना, ट्रक थांबेना, आई भेटेना!"
गंपू म्हणाला, "भ्यांऽऽ! भों थांबलं, तर मी गप्प!"

भों कोणाचं? ट्रकचं!
पुन्हा ट्रककडे? पुन्हा बाणाकडे? पुन्हा दोरीकडे?
आता कुणाला सांगायचं?
ठिपकू पायरीवर चढला.
पायरीवर सावली पडली. मोठी सावली. काळी सावली.
घार आली! सूंऽऽऽ!
ठिपकूने उडी मारली. थेट गंपूच्या झबल्यात!
झबल्यात चोच, झबल्यात पंख. गुदगुल्या, गुदगुल्या!
गंपू थांबला. गंपूने खाली पाहिलं.
खुदकन हसला. खी खी खी!
"हुर्र! हो चालती!" काकूने घारीला हाकललं.

गंपू गप्प झाला, काकू उठली.
काकू उठली, गोधडी उतरली. धप्प!
गोधडी उतरली, दोरी सैल पडली. सुळ्ळकन!
दोरी सैल पडली, बाण वळला. कर्र कर्र!
बाण वळला, ट्रक थांबला. खच्च!
"अगं बया! बाजार सरळच की!" ट्रक म्हणाला आणि सरळ गेला. मागचेही सरळ गेले.

काकूने बाणाकडे पाहिलं. दोरीकडे पाहिलं. कपाळावर हात मारला.
"दोरी माझी, आणि वाट चुकली सगळ्यांची! बाणाला दोरी? नाही गं बाई, पुन्हा नाही!"
तिने गाठ सोडली. दोरी शेवग्याला बांधली.

रस्ता रिकामा. इकडे कुणी नाही. तिकडे कुणी नाही.
काकूने ठिपकूला खाली सोडलं.
टुकूटुकू, टुकूटुकू, टुकूटुकू...
पलीकडे आई. आईने पंख उचलला. ठिपकू आत शिरला.
एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ...
नऊ!
ठिपकू पोचला पलीकडे, गोष्ट थांबली इकडे.