माळावरची सावली

सखानंद महाराज त्या वर्षी माणगंगेच्या काठी कारळवाडीला मुक्कामाला होते. गावाबाहेर एक डेरेदार कडुनिंब होता. त्याच्या बुंध्याशी घोंगडी अंथरून महाराज बसत. दुष्काळाचे ते दुसरे वर्ष. नदीत नुसती वाळू, विहिरींत चिखल. गावची माणसे कोसभर दूरच्या उघड्या माळावर रस्त्याची खडी फोडायला जात.

त्या कामावर छत्री धरून देखरेख करणारे हैबतराव मुकादम होते. माणूस मुळात वाईट नव्हता. पहिल्या वर्षी पावसासाठी त्यांनी महादेवावर अकरा दिवस अभिषेक केला होता. पाऊस आला नाही. लेकरांसारखी वाढवलेली खिलारी बैलजोडी चाऱ्यावाचून त्यांच्या डोळ्यांदेखत मेली. तेव्हापासून कुणी देवाचे नाव घेतले की त्यांच्या कपाळावर आठी पडे.

आणि नेमकी त्यांच्या समोरच ठकूबाई परटीण खडी फोडायला बसे. नवरा गेलेला, मुलगा कामाच्या शोधात मुलूख सोडून गेलेला, घरात गरोदर सून चंपा. तरी वाऱ्याची एखादी झुळूक आली की ही बाई हातोडी खाली ठेवी, हात जोडी आणि म्हणे, "देवा, बरं केलंस."

एका दुपारी एक चुकार ढग माळावरून गेला. घटकाभरही सावली टिकली नाही, पण ठकूबाईचे हात जुळलेच. हैबतरावांना राहवले नाही.

"काय गं म्हातारे, पाऊस कुठाय त्या ढगात? दोन वर्षं सगळं ओढून घेतलं तुझ्या देवानं, आणि टीचभर सावलीवर तू खूश?"

"घेतलं ते मलाबी दिसतंय की, मुकादम. त्याच्याम्होरं बसून रडतेबी मी. पर सावली दिली ती काय खोटी हाय? दिल्याला दिलं म्हणाया नको?"

"मग माग त्याच्याकडं एक ढग कायमचा!" हैबतराव म्हणाले, आणि सारे हसले. पण तिचे बोलणे त्यांना दिवसभर कुसळासारखे टोचत राहिले.

महाराजांच्या कानावर ही गोष्ट गेली. महाराज म्हणाले, "पावसासाठी सगळेच हाका मारतात. सावलीची पोच देणारी ही एकटीच भेटली."

त्यानंतर चौथ्या दिवसाची गोष्ट. ऐन दुपारी, सासूसाठी पाण्याचे गाडगे घेऊन आलेल्या चंपाला माळावरच कळा सुरू झाल्या. गावाकडे नेण्याइतका वेळ नव्हता. आडोशाला झुडूपही नव्हते. बायांनी लुगड्याचे पदर धरले, पण गरम वाऱ्याने ते हातांतून सुटू लागले. दगडांतून आग निघत होती. पोरीचे ओठ काळे पडले, शुद्ध हरपू लागली.

ठकूबाई धावत आली. "मुकादम, तेवढी छत्री द्या हो! पोर जाईल माझी!"

हैबतरावांच्या तोंडून निघून गेले, "माझी छत्री कशाला? तुझ्या देवाचा ढग बोलाव की!"

बोलले आणि लगेच त्यांना पस्तावा झाला. पण चारचौघांत शब्द मागे घेणे त्यांना जमेना. छत्रीची मूठ घट्ट धरून ते उभेच राहिले.

सुनेच्या तोंडावर आपल्या अंगाची सावली पडेल अशी ठकूबाई ओणवी झाली आणि पुटपुटली, "देवा, पोर मोकळी हुईस्तवर जरा दम दे. जास्त न्हाई."

आणि काय सांगावे! त्या तापलेल्या मुरमावर हळूहळू सावली उतरली. ढगाची नव्हे. पानापानांची, हलणारी, मधून कवडसे असलेली गार सावली! निंबाच्या मोहोराचा वास सुटला. हैबतरावांनी मान वर केली. वर निरभ्र आकाश होते. झाड नाही, फांदी नाही, काही नाही.

त्यांची छत्री गळून पडली. जवळच बांधलेल्या तट्टावर मांड टाकून त्यांनी पाणी आणि सुईण आणायला गावाकडे दौड मारली.

वाटेवरच कडुनिंब लागला. झाड पालवीने भरलेले होते, आणि खाली मात्र रखरखीत ऊन! जमिनीवर एका पानाचीसुद्धा सावली नव्हती. त्या उन्हात महाराज उघड्या डोक्याने बसले होते. अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या, पाठ लालबुंद झाली होती.

"महाराज, झाडाची सावली..." हैबतराव तट्टावरून उतरले.

महाराज म्हणाले, "पोरगी मोकळी झाली का?"

"अजून नाही."

"मग अजून थोडं बसायला हवं."

हैबतराव तिथेच कोसळले. "महाराज, माझ्या हातात छत्री होती! मी दिली नाही. अकरा दिवस अभिषेक केला, त्यानं ऐकलं नाही, म्हणून..."

"रागव त्याच्यावर, खुशाल रागव. तो तुझ्या हक्काचा आहे. पण त्या म्हातारीवर कशाला रागावलास?" महाराजांनी शेजारची कळशी पुढे सरकवली. "ऊठ. हे पाणी घेऊन जा. पोरगी तहानेली असेल."

गावातल्या सुईणीला तट्टावर बसवून, कळशी खांद्यावर घेऊन हैबतराव उन्हातून चालत माळावर आले. लांबूनच तान्ह्या मुलीचा टाहो ऐकू आला. चंपाने डोळे उघडले होते. हैबतरावांनी स्वतःच्या हाताने तिला पाणी पाजले आणि डोक्याचे पागोटे काढून ठकूबाईच्या पायांवर ठेवले.

"अगं बया! उठा, मुकादम, उठा!" ती पाय ओढून घेऊ लागली.

"ठकूबाई, देवाला काय म्हणू? जोडी आठवली की मला अजून त्याचा राग येतो."

"येऊ द्या की. मलाबी येतो कवाकवा." तिने बाजूची खडी सारून जागा केली. "आधी टेका जरा. हाय तवर बसून घ्या सावलीला."

सावली एव्हाना विरळ होत चालली होती. खडी फोडणाऱ्या माणसांमध्ये हैबतराव बसले. मग तिथेच, त्या ओंजळभर उरलेल्या गारव्यात, त्यांनी जमिनीला कपाळ टेकले आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा ते देवासमोर मोकळेपणाने रडले.