फटींपलीकडची पिल्ले

वेंगुर्ल्याला तांडेलबाईंच्या घरी पुढच्या खोलीत समुद्राच्या पाण्याने भरलेली एक मोठी काचेची टाकी होती. मुलांनो, जंगलात जशी नाना स्वभावांची जनावरे शेजारी शेजारी नांदतात, तशीच ती ह्या टाकीतही नांदत. तिथे प्रवाळाच्या दगडांच्या कपारीत एक कोळंबी आपल्या जोडीदारासह राहत असे. अंगावर बारीक लाल रेघा, स्वभावाने शांत, पण एकदा मनात घेतले की मागे न हटणारी. तळाशी शंख पाठीवर घेऊन हिंडणारा एक खेकडा होता. त्याला टाकीतले सारे काही ठाऊक आहे असे तो स्वतःच सांगे. काचेवरचे शेवाळ खात एक गोगलगाय फिरे. आणि वरच्या मोकळ्या पाण्यात राज्य होते एका पिवळ्या माशाचे.

कोळंबीच्या पोटाखाली दर पंधरा-वीस दिवसांनी हिरवट अंड्यांचा घोस धरे. ती त्यांना पायांनी वारा घालावा तसे पाणी घाली, एकेक अंडे निरखून स्वच्छ ठेवी. मग एका संध्याकाळी अंडी फुटत आणि शेकडो पिल्ले बाहेर पडत, काचेच्या कणासारखी, पाहता पाहता दिसेनाशी होणारी. पिल्लांची खोड अशी, की जिकडे उजेड तिकडे ती धाव घेत. खोलीतल्या दिव्याचा उजेड काचेवर पडे, पिल्ले तिकडे झेपावत, आणि पिवळा मासा नेमका तिथेच तोंड उघडून उभा असे. घटकाभरात सगळा कारभार आटोपे. तांडेलबाईंनी एकदा काही पिल्ले वाडग्यात काढून जगवून पाहिली, पण चौथ्या दिवशी वाडगा रिकामा झाला. त्यांनी तो नाद सोडला. कोळंबीला मात्र तो सोडता येईना.

टाकीच्या एका कोपऱ्यात फणीच्या दातांसारख्या फटी होत्या. वरचे पाणी त्यातून खळखळत खाली कुठेतरी जाई. त्या कोपऱ्याकडे कुणी फिरकत नसे. खेकडा सगळ्यांना बजावून सांगे, की तिथून गेलेला परत येत नाही, ते टाकीचे शेवटचे टोक आहे. एकदा गोगलगायीचा पाय सुटला आणि ती त्याच फटींतून वाहून गेली. खेकड्याने मान हलवली आणि साऱ्यांनी तिची आशा सोडली.

तीन आठवड्यांनी तांडेलबाईंचा हात पाण्यात उतरला आणि त्याने गोगलगायीला अलगद दगडावर ठेवले. जो तो तिला पाहून चकित झाला, पण तिची हकीकत ऐकायला कुणी थांबले नाही. ती इतकी सावकाश बोले, की एक वाक्य संपेपर्यंत ऐकणारा कंटाळून निघून जाई. कोळंबी तेवढी तिच्याजवळ बसून राहिली. सबंध दुपार ऐकल्यावर तिला उमगले, की खाली आणखी एक टाकी आहे. तिच्यात समुद्री शेवाळाचे दाट रान आहे, डोळ्यांना दिसेल न दिसेल असा बारीक खाऊ पाण्यात तरंगतो, आणि वरच्या टाकीचा दिवा मालवला की तिथला दिवा लागतो.

"मावशी, आणि मासा?" कोळंबीने विचारले.

गोगलगाय सावकाश म्हणाली, "मासा तिथं एकही नाही. पण पलीकडच्या टोकाला पाणी ओढणारं यंत्र आहे. शेवाळात अडकतील ती जगतील. सगळी नाही जगायची, बाई."

पुढच्या खेपेला अंडी पिकत आली, तशी कोळंबी कपार सोडून निघाली. खेकड्याने वाट अडवली. अंडी फुटल्यावर लगेच तिला कात टाकावी लागणार, अंग लोण्यासारखे मऊ पडणार, आणि त्या कोपऱ्यात लपायला एक खडाही नाही, हे त्याने परोपरीने समजावले. त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

"दादा, कपारीत मी वाचते, पण माझं एकही पिल्लू वाचत नाही," कोळंबी म्हणाली. "एकदा मला जाऊ द्या."

ती उघड्या काचेवरून चढत फटींपाशी जाऊन बसली. संध्याकाळी वरचा दिवा मालवला. फटींतून खालचा उजेड वर आला. त्याच क्षणी अंडी फुटली, आणि पिल्लांचा लोट त्या उजेडाकडे धावला, फटींतून खाली गेला. पिवळा मासा सवयीप्रमाणे काचेपाशी थांबला होता. पाण्यात काहीच येईना, तेव्हा तो वळला आणि त्याला कात टाकत असलेली कोळंबी दिसली. तो सरळ तिच्यावर आला. तिने कातीतून अंग सोडवले आणि फटींच्या दोन दातांमधल्या चिंचोळ्या जागेत स्वतःला कोंबले. माशाच्या तोंडात रिकामी कात आणि तिची एक मिशी तेवढी आली. पाणी तिला ओढत होते, तरी अंग टणक होईपर्यंत ती तिथे घट्ट धरून राहिली.

खाली काय झाले हे तिला कळायला मार्ग नव्हता. खेकडा म्हणे, सगळी गेली असतील. जोडीदारही हळूहळू तेच म्हणू लागला. कोळंबी वाद घालत नसे. दर खेपेला अंडी पिकली, की ती पुन्हा त्या कोपऱ्यात जाऊन बसे. असे चार-साडेचार महिने गेले.

एका सकाळी तांडेलबाई खालच्या टाकीतले वाढलेले शेवाळ काढायला बसल्या आणि त्यांच्या तोंडून आनंदाची हाक निघाली. घरातली माणसे धावत आली. थोड्या वेळाने एक वाडगा हलकेच वरच्या टाकीत उतरला, कलंडला, आणि त्यातून अकरा कोळंब्या एकामागोमाग बाहेर आल्या. काही चांगल्या वाढलेल्या, काही जरा लहान, पण प्रत्येकीच्या अंगावर बारीक लाल रेघा. पिवळा मासा तोंड वासून पुढे आला, त्याने त्यांच्याकडे नीट पाहिले आणि तोंड मिटून तो बाजूला झाला. एवढा मोठा, टणक घास त्याच्या घशाखाली उतरणारा नव्हता.

खेकडा शंखातून बाहेर आला. "माझं चुकलं," तो म्हणाला, आणि त्याने स्वतः सरकून कपारीचे तोंड मोकळे करून दिले. कोळंबी अकरा जणींच्या पुढे झाली आणि त्यांना घेऊन घरात शिरली.

तात्पर्य : ज्या वाटेला सगळे भितात, तिच्याविषयी भिणाऱ्यांना विचारू नये, जाऊन आलेल्याला विचारावे, आणि एकदा वाट पटली, की फळ दिसत नसले तरी ती चालत राहावी.