टवकारबुवांचा पंजा

त्या राज्यात पक्षी वसंतापुरते येत आणि गाऊन निघून जात. उरलेलं वर्ष रान मुकं असे. म्हणून तिथल्या कासवांनी फार पूर्वी घुमा बनवला. मोठ्यातला मोठा भोपळा वाळवून, पोखरून, आतून घासून तो तयार होई. पक्षी त्याच्या तोंडाशी बसून गात आणि तोंडावर पान बांधलं की गाणं आत राही. ऐकायचं असेल तेव्हा पान सोडावं, समोर बसावं आणि हलू नये. हत्ती, गवे, अस्वलं, थोर वानर अशी भारदस्त मंडळी आपापल्या गुहेत घुमा ठेवत, आणि पाहुण्यांना गाणं ऐकवण्याआधी तासभर घुमाच दाखवत.

कासवांच्या पेढीची एक रीत होती. पक्ष्यांपुढे ठेवण्याआधी प्रत्येक घुमा कोरा ऐकायचा. कोऱ्या घुम्यात काहीही ऐकू येता कामा नये. कुठे कीड लागली, बारीकसं भोक राहिलं, तर वारा आत शिरतो आणि मग जन्मभर प्रत्येक गाणं त्याच्यासकट ऐकावं लागतं. हे ऐकण्याचं काम टवकारबुवा नावाच्या सशाकडे होतं. बुवा आत कान घालून बसत, आणि काहीच ऐकू आलं नाही की काठावरच्या मेणात आपला पंजा उमटवत. पंजा नसलेला घुमा कुणी फुकटही नेत नसे. बुवा जात्याच संशयी. कुणी हसून दोन शब्द बोललं तरी याला आपल्याकडून काय हवंय, हे ते आधी मनाशी ताडून बघत. पेढीला असाच कुणीतरी हवा होता.

पण हत्ती म्हातारे झाले. त्यांच्यामागून आलेल्या तरुण वानरांना, खारींना, पाडसांना ना गुहा होत्या ना एका जागी बसायची सवड. पेढीवर दिवसचे दिवस गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा पेढीचे मालक सावकाशराव यांनी लगबग नावाच्या खारीला बोलावून घेतलं. तरुणांच्या मनातलं तिला कळतं अशी तिची ख्याती होती. ती ख्याती तिनेच पसरवली आहे, असं बुवांचं मत होतं.

लगबग म्हणाली, "घुमा लहान करा. इतका, की कानात बसेल. त्याला म्हणा घुमी. पंजा मात्र तोच राहू द्या."

बुवांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तोंडल्याएवढ्या फळात कोकिळेची तान मावणार कशी? कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी पहिली घुमी उजव्या कानाशी धरली, मग डाव्या कानाशी धरली, उलटी करून पाहिली, एक तर दगडावर आपटून फोडली. आत काही नव्हतं. दोष सापडेना, तसा त्यांचा संशय वाढतच गेला. पण रीत म्हणजे रीत. घुमीवर अख्खा पंजा मावत नसल्याने त्यांनी मेणात एका बोटाचं टोक टेकवलं, तेही नाइलाजाने.

घुम्या भराभर खपल्या. सावकाशराव कधी नव्हे ते भरभर चालू लागले. आणि मग एके दिवशी झुली नावाची वानराची पोर आपली घुमी परत घेऊन आली.

"यात गाणं नीट वाजतं," ती म्हणाली, "पण आमच्या आजोबांच्या घुम्यात गाण्यामागे सूं असा आवाज येतो ना, तो यात नाही. तो आवाज आला की मला आजोबांची गुहा आठवते. हा खरा घुमा वाटतच नाही."

"सूं?" बुवा ताडकन उठले. "आमच्या घुम्यात सूं? पोरी, त्या घुम्यावर माझा पंजा आहे!"

"असेल, बुवा. पण सूं आहे."

सावकाशरावांनी मान कवचात ओढून घेतली. लगबगचे डोळे मात्र चमकले. ते चमकलेले डोळे बुवांनी बरोबर टिपले. पोर खारीनेच पढवून आणलेली आहे, याबद्दल त्यांची खात्री पटली. आयुष्यभर जपलेल्या पंजावर या दोघी चिखल उडवत होत्या, आणि मालक ब्र काढत नव्हते. बुवांना राग आवरेना.

त्यांनी झुलीला कोठारात नेलं. तिथे न विकले गेलेले घुमे वर्षांच्या क्रमाने मांडलेले होते. झुलीच्या डोळ्यांवर त्यांनी पळसाचं पान बांधलं आणि तिला एकेका घुम्यापाशी नेऊन उभं केलं. पहिल्या काही घुम्यांपाशी ती म्हणाली, "यात काही नाही. नुसतं शांत." पुढे एका घुम्यापाशी थांबली. "यात आहे, थोडा." त्यानंतरच्या प्रत्येकात सूं आहे, असं ती म्हणू लागली. बुवांनी तिला गोल फिरवून गुपचूप मागच्याच घुम्यापाशी आणलं.

"हा तर झाला की मघाशी," झुली म्हणाली. "बारीक आवाजाचा."

बुवांनी आळीपाळीने सगळ्यांत कान घातले. त्यांना सगळे सारखेच शांत लागले. मग त्यांची नजर काठावरच्या मेणाकडे गेली. शांत घुम्यांवरच्या पंजाची नखं टोकदार उमटली होती. सूं असलेल्या घुम्यांवरची नखं झिजलेली होती. बुवांनी आपला कान पंजाने चाचपून पाहिला, जणू तो जागेवर आहे की नाही हेच बघायचं होतं. झुलीने पान सोडलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि निघून गेली.

सावकाशराव दारातच उभे होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?" बुवांनी विचारलं.

"भोपळे घाईने वाळवायला लागलो, तेव्हापासून कीड लागते आहे," सावकाशराव म्हणाले. "तुम्ही पहिला किडका घुमा पास केलात, तेव्हा मला वाटलं, सांगावं. मग पाहिलं, तर कुणाची तक्रार नाही. हत्तींचेही कान तुमच्याबरोबरच म्हातारे झाले होते. आणि बुवा, बारीक आवाज टिपणारे कान गेले तरी तुमचा पंजा शाबूत होता. लोक पंजा बघून नेत होते."

"इतकी वर्षं ताकास तूर लागू दिली नाहीत!"

"पेढी चालवायची होती," सावकाशराव म्हणाले. त्यांच्या आवाजात लाज होती, पण फार नव्हती.

लगबगने तोवर साळिंदराचे काटे मागवले होते. प्रत्येक घुमीला काट्याने बारीक भोक पाडायचं, वारा आत घ्यायचा, आणि तिला म्हणायचं पिढीजात सूंची घुमी. ज्या एका गोष्टीला रोखण्यासाठी बुवांना तिथे बसवलं होतं, तीच आता मुद्दाम भरली जाणार, आणि तिच्यावर बोट त्यांचंच उमटणार. त्यांना झोप लागली नाही. सकाळपर्यंत मनाशी पक्कं झालं होतं. सगळ्यांसमोर सांगायचं, आणि हे राज्य सोडून जायचं.

सकाळी पेढीपासून नदीपर्यंत रांग लागली होती. बुवा स्वतः सगळ्यांसमोर खूण देणार, असं लगबगने रानभर करून ठेवलं होतं. प्रत्येकाच्या हातात नवी घुमी होती, तिच्यावरचं मेण उन्हाने मऊ झालेलं. दोन्ही कानांत जुन्या घुम्या गात होत्याच, वाट पाहताना कंटाळा येऊ नये म्हणून.

बुवा दारातल्या दगडावर चढले. सगळ्यांना गप्प करण्यासाठी त्यांनी पंजा वर केला.

"मंडळी, थांबा! माझे कान केव्हाच गेलेत. माझ्या खुणेवर विसंबू नका. तुमच्या आजोबांना मी किडका माल दिला, आणि आज तुम्हाला..."

रांगेत सर्वांत पुढे झुली होती. गाण्याच्या तालावर ती मान हलवत होती. वर केलेला पंजा दिसताच तिचा चेहरा खुलला. उडी मारून ती दगडावर आली, आपली घुमी तिने बुवांच्या पहिल्या बोटाला हळूच दाबली, वाकून नमस्कार केला आणि बाजूला झाली. तिच्यामागच्या वानराने दुसरं बोट घेतलं.

"अरे, ऐका!" बुवा घसा फुटेस्तोवर ओरडत होते. "निदान एकाने तरी ऐका!"

पंजा खाली घ्यायला हवा, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. तोवर पुढच्या पाडसाने तो आपल्या दोन्ही खुरांत अगदी आदराने धरला होता, आणि लगबग खुणेनेच रांगेला सांगत होती, घाई नको, बुवा सगळ्यांना देणार आहेत.