काळ्या पेल्याची जोडी

चीन देशात सुंग राजांच्या काळी डोंगरातल्या एका भट्टीत काळ्या झिलईचे चहाचे पेले भाजले जात. पेले घडवायची शूयिंग आणि भट्टीची आग राखायचा तिचा नवरा शेन. एकदा एका पेल्यावर सशाच्या केसांसारख्या रुपेरी रेघा उमटल्या. सुभेदार चाओने तो पेला उचलला आणि बाकीचे पाचशे वाकडे निघाले म्हणून शेनला चाळीस फटके मारायला लावले. त्या माराने तिसऱ्या दिवशी शेनचा जीव गेला.

महिन्याभराने सुभेदाराने पाहुण्यांसमोर शूयिंगला बोलावले. "बाई, सम्राटांना जोडी नजर करायची आहे. हुबेहूब असाच दुसरा पेला हवा. नाही जमला, तर फटके तुलाही!"

शूयिंग हात जोडून म्हणाली, "जमेल, सरकार. माती तीच आहे, झिलईही मीच कालवते. पण या रेघा आगीने उमटतात, आणि ती आग राखणारा माणूस तुम्ही नेलात. तेवढा परत द्या."

"कोण माणूस?"

"माझा नवरा."

पाहुण्यांनी हातातला चहा खाली ठेवला. सुभेदाराने मान फिरवून तिला जायची खूण केली, आणि पुन्हा कधी जोडी मागितली नाही. शूयिंग जिंकून घरी आली खरी, पण हे सांगायला घरात कोणी नव्हते.